घडीच्या चाकूची कमान

आंब्याचे कलम बांधणाऱ्या माळ्याजवळ एक लहानसा चाकू असतो. काम नसताना त्याचे पाते मुठीत मिटलेले असते. काम निघाले की माळी पात्यावरील बारीक खाचेत अंगठ्याचे नख घालून ते उघडतो आणि पाते आपल्या जागी पक्के बसते. ही वस्तू आपण इतक्या वेळा पाहिलेली असते की तिच्याविषयी प्रश्न पडावा असे काही तिच्यात उरलेले नसते. परंतु क्षणभर विचार केला तर प्रश्न पडतो. या चाकूला कळ नाही, खटका नाही, आकडा नाही. मग काप घेताना पाते बोटांवर मिटत का नाही? आणि खिशात असताना ते आपोआप उघडत का नाही?

याचे उत्तर मुठीच्या पाठीत लपलेल्या एका पोलादी पट्टीत आहे. तिला कमान म्हणतात. घड्याळाची कमान बहुतेकांनी पाहिलेली असते. चाकूची कमान पाहण्याचा प्रसंग मात्र चाकू मोडल्याशिवाय येत नाही. या लेखाचा विषय ती कमान, ती घडविणारे कारागीर आणि ती घडविण्याची विद्या एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कशी जाते, हा आहे. त्यासाठी आपल्याला इंग्लंडमधील शेफील्ड या गावी जावे लागेल, कारण घडीच्या चाकूचा व्यवसाय तेथे जितका वाढला आणि जितका बारकाईने विभागला गेला तितका क्वचितच कोठे गेला असेल.

प्रथम चाकूची रचना पाहू. दोन पितळी पत्रे समोरासमोर ठेवलेले असतात. त्यांच्या बाहेरच्या अंगाला मुठीच्या फळ्या बसवितात. त्या शिंगाच्या, हाडाच्या किंवा अबनूससारख्या कठीण लाकडाच्या असतात. पुढच्या टोकाला बहुधा जर्मन सिल्व्हरची टोपी असते. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीत पुढे पाते आणि पाठीकडे कमान. पाते एका रिबिटाभोवती फिरते. कमान मागच्या टोकाला आणि मध्यावर खिळ्यांनी जखडलेली असते. तिचे पुढचे टोक तेवढे मोकळे असते आणि ते पात्याच्या बुडावर सतत दाबून बसते. हे बूड गोल नसून चौकोनी घडविलेले असते. पाते उघडताना बुडाचा कोपरा कमानीला वर उचलतो. कोपरा ओलांडला की कमान पुढच्या सपाट बाजूवर खाली येते आणि ‘खट्’ असा आवाज होतो. पाते मिटवायचे तर पुन्हा तोच कोपरा चढून जावा लागतो. कमानीचा दाब हीच काय ती पात्याची राखण.

बुडाच्या ज्या बाजूंवर कमान विसावते त्या तीन असू शकतात: पाते मिटलेले, अर्धे उघडलेले आणि पूर्ण उघडलेले, अशा तीन स्थितींच्या. उत्तम चाकूत या तिन्ही स्थितींत कमानीची पाठ मुठीच्या पाठीशी अगदी सपाट राहिली पाहिजे. म्हणजेच रिबिटाच्या छिद्राच्या मध्यापासून त्या तिन्ही बाजूंचे अंतर सारखेच असले पाहिजे. बाजू किंचित कमी घासली गेली तर कमान पाठीवर उंचावते; किंचित जास्त घासली गेली तर आत बसते. सराव झालेले बोट मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी पायरीही ओळखते, म्हणून जाणते गिऱ्हाईक चाकू हातात घेताच प्रथम पाठीवरून बोट फिरवते. शिवाय बुडाला खालच्या अंगाने एक लहानसा टेकू ठेवावा लागतो. पाते मिटताना तो टेकू कमानीवर टेकतो आणि धार अधांतरी राहते. टेकू कमी पडला तर प्रत्येक वेळी धार कमानीवर आपटते आणि महिन्याभरात चाकू बोथट होतो.

पाते उघडताना हाताला जाणवणारी गती आणि ते बसताना होणारा आवाज या दोन गोष्टींवरून इंग्रजी कारागीर चाकूची परीक्षा करतात. त्यांच्या शब्दप्रयोगाला मराठीत ‘चाल आणि बोल’ असे म्हणता येईल. चाल सलग हवी, कोठेही रखडता कामा नये. आणि बोल ठसठशीत हवा. तो मंद असला तर कमान दुबळी किंवा रिबीट अति घट्ट, असे निदान चाकू न उघडताच करता येते.

आता कमानीचे बळ कशावर अवलंबून असते ते पाहू, कारण कानशीच्या एका घासण्याला किती किंमत आहे हे त्यावरून कळेल. एका टोकाला जखडलेली पट्टी दुसऱ्या टोकाला उचलली तर ती जो विरोध करते तो तिच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली तर विरोध निम्मा होत नाही, तो एक-अष्टमांश होतो. तीन मिलिमीटर जाडीची कमान कानशीने घासून २.७ मिलिमीटर केली, म्हणजे जाडीतला केवळ दहावा भाग काढला, तर तिचे बळ सत्तावीस टक्क्यांनी घटते. लांबीचेही तसेच, फक्त उलट दिशेने: मोकळा भाग जितका लांब तितकी कमान मऊ. म्हणूनच शिकाऊ मुलाच्या हातून बिघडलेल्या चाकूंत कमान बिघडल्याचे प्रमाण मोठे असते. पाते वाकडे घासले गेले तर डोळ्यांना दिसते. कमान दोन घास जास्त घासली गेली तर काहीच दिसत नाही. सर्व भाग जोडून, खिळे ठोकून, चाकू पुरा झाल्यावर पाते लुळे पडते, तेव्हा उमगते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पोलादाला पाणी दिल्याने कमान अधिक ताठ होते असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. मऊ पोलाद आणि पाणी दिलेले पोलाद सारख्याच ओझ्याखाली सारखेच वाकते, कारण त्या दोहोंचा स्थितिस्थापकतेचा गुणांक जवळजवळ एकच असतो. फरक पुढे पडतो. मऊ पट्टी थोडी अधिक वाकविली की वाकलेलीच राहते. पाणी दिलेली पट्टी त्याहून कितीतरी अधिक वाकूनही परत सरळ होते. कमानीला पाणी द्यावयाचे ते बळासाठी नव्हे, तर ती आपली जागा विसरू नये यासाठी.

आपल्या भाषेने ‘पाणी’ हा शब्द फार मोठा केला आहे. पाणीदार माणूस आणि पाणीदार पाते यांना आपण एकच विशेषण लावतो. त्यामागील क्रिया अशी आहे. चाकूच्या पोलादात शेकडा ०.८ ते १ इतका कार्बन असतो. ते तापवीत नेले की सुमारे ७७० अंश सेल्सिअसला त्याचे चुंबकाशी असलेले नाते तुटते. भट्टीजवळ लोहचुंबक टांगून ठेवण्याची युक्ती यावरूनच निघाली. याच सुमाराच्या उष्णतामानाला, कार्बनचे प्रमाण असेल त्याप्रमाणे थोडे अलीकडे किंवा पलीकडे, लोहाच्या अणूंची मांडणी बदलते आणि कार्बनचे अणू त्या मांडणीच्या पोकळ्यांत विरघळतात. या स्थितीत पोलाद तेलात बुडविले तर कार्बनला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो आतच कोंडला जातो, अणूंची चौकट ताणली जाते आणि पोलाद काचेसारखे कठीण व काचेसारखेच ठिसूळ बनते. असे पाते जमिनीवर पडले तर त्याचे दोन तुकडे होतील. म्हणून ते पुन्हा हलके तापवावे लागते. या वेळी घासून चकचकीत केलेल्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिपातळ थर चढतो आणि साबणाच्या बुडबुड्यावर दिसतात त्याच कारणाने त्यावर रंग उमटतात. सुमारे २३० अंशांना गवती पिवळा, २८०च्या आसपास जांभळा, ३००ला निळा. पाते पिवळ्यावर थांबवावयाचे, कमान निळ्यावर. पात्याला धार टिकविण्यासाठी कठीणपणा हवा. कमानीला हजारो वेळा वाकून न तुटण्यासाठी चिवटपणा हवा. एकाच पोलादाचे दोन तुकडे, आणि त्यांच्या स्वभावातील अंतर सत्तर अंशांचे.

शेफील्डची सुरी चौदाव्या शतकाच्या अखेरीसही नावाजलेली होती. चौसर कवीने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’मधील एका गिरणीवाल्याच्या पायमोज्यात ती खोचून ठेविली आहे. गावाभोवती पाच लहान नद्या होत्या, त्यांवर पाणचक्क्या बसल्या. सहाणेला योग्य असा वालुकाश्म जवळच होता. चांगल्या पोलादाची उणीव मात्र दीर्घकाळ जाणवत राहिली. ती भरून काढली बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने. घड्याळाच्या कमानी वारंवार तुटत, म्हणून तो १७४०च्या सुमारास एकजिनसी पोलादाच्या शोधाला लागला आणि मुशीत पोलाद वितळवून ओतण्याची रीत त्याने सिद्ध केली. गंमत अशी की, शेफील्डच्या चाकूवाल्यांनी हे पोलाद ‘फार कठीण’ म्हणून प्रथम नाकारले. हंट्समनने ते फ्रान्सला विकले, आणि फ्रेंच चाकू बाजारात येऊ लागले तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडले. मुशीतले पोलाद दक्षिण भारतात त्यापूर्वी कित्येक शतके होत असे. युरोपात ‘वूट्झ’ म्हणून पोहोचलेल्या या पोलादावर १७९५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला गेला, आणि पुढे जेम्स स्टोडार्ट या लंडनच्या सुरीकाराबरोबर मायकेल फॅरडे यांनी त्यासारखे पोलाद बनविण्याचे प्रयोग करून १८२० व १८२२ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. भारताचा आणखी एक जिन्नस शेफील्डच्या कारखान्यांत जात असे: मुठींसाठी सांबरशिंगे. गेल्या शतकाच्या अखेरीस भारताने त्यांची निर्यात बंद केली.

१६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने शेफील्ड व भोवतालच्या हॅलमशायर भागातील चाकूकारांचा संघ स्थापन झाला. सात वर्षांची उमेदवारी पुरी केल्यावाचून कोणास स्वतंत्रपणे धंदा करता येत नसे, आणि प्रत्येक उस्तादाची खूण संघाच्या वहीत नोंदलेली असे. १८१४च्या कायद्याने हे बंधन उठले आणि धंदा सर्वांस मोकळा झाला. संघ आजही अस्तित्वात आहे.

या सात वर्षांत मुलगा नेमके काय शिकत असे? येथे शेफील्डचे वैशिष्ट्य येते. एक चाकू एका माणसाच्या हातून पुरा होत नसे. लोहार पाते आणि कमान घडवीत असे. सहाणवाला पाते घासून धारेला आणीत असे. तिसरा, ज्याला तेथे खऱ्या अर्थाने ‘चाकूकार’ म्हणत, तो सर्व भाग जुळवून, कमान बसवून, मूठ चढवून चाकू पुरा करीत असे. त्यांतही पोटभेद होते. केवळ खिशातले चाकू घासणारा माणूस कात्रीला हात लावीत नसे. पुष्कळ कारागीर स्वतंत्र होते. मोठ्या इमारतीतील एखादी खोली किंवा सहाणेजवळची एक जागा ते भाड्याने घेत आणि अनेक कंपन्यांचे काम करीत. त्यांना स्थानिक बोलीत ‘छोटे उस्ताद’ अशा अर्थाचे नाव होते. एकच काम तीस-चाळीस वर्षे करणाऱ्याच्या हाताला जी सफाई येते तिला तोड नाही. जोसेफ रॉजर्स कंपनीने १८५१च्या लंडन प्रदर्शनासाठी ७५ पात्यांचा चाकू केला, तो या विभागणीच्या जोरावर. (याच रॉजर्सचे साधे चाकू हिंदुस्थानातही विकावयास येत.) अशा चाकूची खरी करामत पात्यांच्या संख्येत नसून त्या सर्वांना सांभाळणाऱ्या कमानींत असते, ही गोष्ट प्रेक्षकांच्या लक्षात क्वचितच आली असेल.

या सफाईची किंमतही सांगितली पाहिजे. हातकामाचा गौरव करणारे लेखक ती बहुधा वगळतात. कोरड्या सहाणेवर काम करणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची आणि पोलादाची धूळ साठे आणि ते ऐन वयात खोकत मरत. फ्रीड्रिख एंगेल्स यांच्या १८४५ सालच्या ग्रंथात शेफील्डच्या या कामगारांचे वर्णन आले आहे. ते वाचल्यावर जुन्या काळच्या हातकामाविषयी हळहळ वाटताना मनुष्य थोडा सावध होतो. ओली सहाण, धूळ ओढून घेणारे पंखे आणि कृत्रिम अपघर्षकांची चाके यांनी ही अवस्था पालटली.

विभागणीचा दुसरा परिणाम उशिरा दिसला. प्रत्येक जण आपापल्या भागात निष्णात होता, पण संपूर्ण चाकू कोणालाच येत नव्हता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त यंत्रनिर्मित माल आला, कंपन्या बंद पडत गेल्या, आणि लोहार गेला तेव्हा चाकूकाराला पाती मिळेनाशी झाली; सहाणवाला गेला तेव्हा मिळालेली पाती घासून मिळेनाशी झाली. साखळीतील एक कडी तुटली की उरलेल्या सर्व कड्या निरुपयोगी होतात, हे या गावाने प्रत्यक्ष अनुभवले. जे थोडे टिकले ते बहुतेक तीनही कामे स्वतः शिकलेले. स्टॅन शॉ हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. १९२६ साली जन्मलेला हा मुलगा चौदाव्या वर्षी इबरसन कंपनीत उमेदवार म्हणून लागला आणि २०२१ साली निधन होईपर्यंत त्याची गणना जगातील श्रेष्ठ चाकूकारांत होत असे. घडीच्या चाकूचे काम आज ब्रिटनमधील संकटग्रस्त हस्तकलांच्या यादीत आहे. ही यादी प्रथम २०१७ साली प्रसिद्ध झाली. ज्या पोर्टलंड वर्क्स इमारतीत निर्गंज पोलादाचे चाकू-काटे पहिल्याने तयार झाले, ती २०१३ साली शेकडो लोकांनी भाग घेऊन विकत घेतली, त्यामुळे लहान कारागिरांना तेथे जागा उरली.

कायद्याचाही कलेच्या आयुष्याशी संबंध असतो. ब्रिटनच्या १९८८च्या कायद्याप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी पात्याची वस्तू विनाकारण बाळगता येत नाही. त्याला अपवाद आहे तो तीन इंचांपर्यंत धारेच्या घडीच्या चाकूचा, आणि न्यायालयांनी या अपवादातून खटक्याने अडकणारा चाकू वगळला आहे. परिणामी केवळ कमानीच्या दाबावर बसणारा जुना शेफील्डी घाटच तेथे कायदेशीर ठरला. आपल्याकडे उलट घडले. उत्तर प्रदेशातील रामपूरचा खटक्याचा चाकू हीही घडीचीच कला. कमान, पाते आणि कळ यांचा मेळ बसविण्याचे कौशल्य त्यातही तितकेच लागते. परंतु चित्रपटांनी तो गुंडाच्या हाती दिला, आणि गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकात राज्य सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्याच्या चाकूवर बंदी घातली. धंदा आटला, आणि आटणाऱ्या धंद्यात मुलांना घालावयास बाप तयार नसतो. २०२३ साली रामपूरच्या एका चौकात सहा मीटरांहून लांब असा चाकू स्मारकासारखा उभारण्यात आला. कारागिराच्या बाकाशी एक शिकाऊ बसविणे यापेक्षा स्वस्त पडले असते, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

ज्यांना उस्ताद मिळाला नाही त्यांनी जुन्या चाकूंनाच उस्ताद केले. अमेरिकेतील इंडियाना राज्यातले टोनी बोस (आडनावावरून वाटते तसे ते बंगाली नव्हेत) यांनी जुन्या घाटांचा कसून अभ्यास केला आणि २०२० साली निधन होईपर्यंत आपल्याला उमगलेले इतर कारागिरांना सांगितले. जुना चाकू उघडला तर पुष्कळ काही सांगतो. कमानीची जाडी मोजता येते. खिळा काढताच ती किती सरकते यावरून ती बसविताना किती ताणली होती हे कळते. कठीणपणा यंत्रावर तपासता येतो. पण कोणते काम आधी केले आणि कोणते नंतर, हे चाकू सांगत नाही. रिबीट ठोकताना कोणत्या ठोक्याला थांबावे, हेही सांगत नाही. एक ठोका कमी पडला तर पाते डुलते, एक जास्त पडला तर रुतते. आणि योग्य ठोका कोणता हे हातोडीच्या आवाजावरून ओळखतात. तो आवाज शेजारच्या बाकावर बसलेल्यालाच ऐकू येतो.

नव्या साधनांनी शिक्षण पुष्कळ सोपे केले आहे, हे मान्य केले पाहिजे. विजेच्या भट्टीत उष्णतामान आकड्यांत ठरविता येते, पिवळ्या-निळ्या रंगांची परीक्षा डोळ्यांवर सोपवावी लागत नाही. कमान तीन स्थितींत किती वर-खाली होते हे सुईच्या मापकावर मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दिसते, त्यामुळे बोटाला जे कळावयास वर्षे लागत ते नवख्याला पहिल्या आठवड्यात दिसते. पात्यांचे आकार लेसर किरणांनी कापून मिळतात.

या शेवटच्या सोयीतच एक अडचण दडलेली आहे. पूर्वी शिकाऊ मुलगा पहिली दोन वर्षे ओबडधोबड कामे करी: आकार कापणे, छिद्रे पाडणे, पितळ घासणे. ही कामे करताना त्याचा हात बसत असे आणि त्यातून त्याच्या जेवणाखाण्याचा खर्चही निघत असे. ती कामे आता बाहेरून होऊन येतात. उरते ते केवळ अवघड काम, आणि ते नवशिक्याच्या हाती देता येत नाही. मुलगा बाकाशी बसला तर उस्तादाचे दिवसाचे चाकू कमी होतात आणि त्याची भरपाई कोणत्याच बाजूने होत नाही. ब्रिटनमध्ये २०१९ पासून संकटग्रस्त हस्तकलांसाठी एक निधी चालविला जातो. त्यातून शिकाऊंना हत्यारे व सामान घेण्यासाठी आणि उस्तादांना शिकविण्यात जाणाऱ्या वेळासाठी लहान रकमा मिळू शकतात.